आरोग्यविमा: सक्ती कोणावर?

सक्तीचा आरोग्यविमा म्हणजे आजारपणाच्या खर्चासाठीची वर्गणी कायद्याने गोळा करणे. धडधाकटांनी भरायची, आजाऱ्यांवर खर्चायची आणि नाही म्हणायची मोकळीक कोणालाच ठेवायची नाही, हा तिचा गाभा. वर्गणी पगारातून कापली जाते, विमा कंपनीला हप्ता म्हणून दिली जाते किंवा कराच्या रूपाने सरकारी तिजोरीत जाते. रीत बदलली तरी सक्ती तीच. या सक्तीच्या बाजूने आणि विरोधात जे जे बोलले जाते, त्याचा पडताळा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या पाच-सात किलोमीटरच्या परिसरात घेता येतो. आरोग्यखर्चाच्या भारतात रुळलेल्या जवळजवळ सगळ्या पद्धती इथे शेजारी शेजारी नांदतात.

सक्तीची गरज का पडते हे समजायला सिंहगड रस्त्यावरच्या कोणत्याही गृहसंस्थेची वार्षिक सभा पुरे. तळमजल्यावरचा सभासद दरवर्षी उठून विचारतो, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग तिचा खर्च आमच्या माथी का? आदर्श उपविधींचे उत्तर स्पष्ट आहे: लिफ्टच्या देखभालीचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा. तळमजल्याला सूट दिली तर उद्या पहिल्या मजल्यावरचे जिना चढायला तयार होतात, परवा दुसऱ्या मजल्यावरचे, आणि शेवटी सातव्या मजल्यावरच्या चार म्हाताऱ्यांना ती लिफ्ट चालवणे परवडेनासे होते. आरोग्याच्या इमारतीत तर आज तळमजल्यावर असलेला माणूस वीस-तीस वर्षांनी सातव्या मजल्यावर राहायला जाणारच असतो. ते त्याला आज दिसत नाही, इतकेच.

हिशेब मांडून पाहू. एक हजार कुटुंबे आहेत, वर्षाला त्यांतल्या पन्नासांवर इस्पितळाची पाळी येते आणि प्रत्येकी एक लाख खर्च होतो असे धरले, तर एकूण खर्च पन्नास लाख आणि प्रत्येक कुटुंबाचा हप्ता पाच हजार. आता ज्यांच्या घरात कोणी आजारी नाही अशी पाचशे कुटुंबे बाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर फक्त दहा आजारपणे गेली, तर उरलेल्या पाचशेंवर चाळीस लाखांचा भार येतो. हप्ता आठ हजार. हे पाहून आणखी दोनशे तुलनेने निरोगी कुटुंबे सहा आजारपणे घेऊन निघून गेली, तर राहिलेल्या तीनशेंचा हप्ता अकरा हजारांवर जातो. कोणी लबाडी केलेली नाही, कोणी नफेखोरी केलेली नाही, तरी मूळ हप्ता दुपटीहून अधिक झाला. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखवले आणि उतारवयातल्या लोकांना आरोग्यविमा मिळणे इतके अवघड का, याचे उत्तरही त्याच ओघात दिले. स्वतःच्या प्रकृतीची माहिती कंपनीपेक्षा ग्राहकाला जास्त असते, आणि विमा घ्यायला आधी धावतो तो ज्याला गरज पडणार आहे तो.

भारतात ऐच्छिक मेडिक्लेम १९८६ साली सुरू झाला. कंपन्यांनी या गळतीवर आपल्या परीने उपाय शोधले: आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ, वयाची मर्यादा, वैद्यकीय तपासणी, वय वाढेल तसा चढता हप्ता. ग्राहकाला हे सगळे अन्याय वाटते आणि पुष्कळदा तो अन्याय असतोही, पण सक्ती नसलेल्या बाजारात कंपनीला दुसरा मार्ग नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आणि नवी पॉलिसी घेण्यासाठीची पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. दार रुंद झाले, पण आत शिरण्याचा दर काही दाराच्या रुंदीवर ठरत नाही. सत्तरीतल्या दांपत्याचा हप्ता पाहिल्यावर ते लक्षात येते. शिवाय ऐच्छिक विमा विकावा लागतो आणि विकण्याला खर्च असतो. नियामकाने कंपन्यांच्या व्यवस्थापन खर्चावर घातलेली मर्यादाच मुळी हप्त्याच्या तीस टक्के आणि निव्वळ आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांसाठी पस्तीस टक्के आहे. शंभरातले तीस-पस्तीस रुपये रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत खर्च करायला परवानगी असलेली वर्गणी गणेशोत्सव मंडळाच्या सभासदांनी खपवून घेतली नसती.

सक्तीचा युक्तिवाद एवढा भक्कम असूनही तिला विरोध होतो, आणि तो विरोध उडवून लावण्यासारखा नाही. पुण्याला तर आरोग्याच्या नावाखाली होणाऱ्या सक्तीची कडू आठवण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये साथरोग कायद्याच्या जोरावर घराघरांत शिरून झालेल्या झडत्या आणि त्याच वर्षी २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या हा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. हेल्मेटसक्तीचे आदेश या शहरात कितीदा निघाले आणि कितीदा विरले याची गणतीच नाही. माझ्या डोक्याची काळजी मी घेईन, हे वाक्य पुणेकर दुचाकीस्वार इतक्या आत्मीयतेने म्हणतो की त्यात तत्त्वज्ञान आहे की निव्वळ हट्ट, हे ओळखता येत नाही.

अमेरिकेत हाच हट्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१० मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येकाला आरोग्यविमा घेणे भाग पाडले. न घेणाऱ्याला दंड. सुनावणीत न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारले, सरकार विमा विकत घ्यायला लावू शकते तर उद्या ब्रोकोली विकत घ्यायलाही लावेल काय? २८ जून २०१२ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड हा एक प्रकारचा कर आहे असे ठरवून कायदा टिकवला. पुढे २०१७ च्या करकायद्याने दंडाची रक्कम शून्य केली आणि २०१९ पासून सक्ती कागदावर उरली. तिथल्या सक्तीसमर्थकांचा मुख्य मुद्दा फुकटेपणाचा होता. आणीबाणीत आलेल्या रुग्णाला अमेरिकी रुग्णालय कायद्याने परत पाठवू शकत नाही. त्यामुळे विमा न घेणाऱ्याचा खर्च अखेर विमा घेणाऱ्यांच्या बिलात चढतो.

हा मुद्दा भारतात जसाच्या तसा उचलून आणला जातो आणि तिथेच वाद भरकटतो. इथे विमा नसलेला माणूस दुसऱ्याच्या खिशात हात घालत नाही. खासगी रुग्णालयाच्या खिडकीवर आधी डिपॉझिट मागितले जाते. ते भरण्यासाठी तो पतसंस्थेतले कर्ज काढतो, बायकोचे डोरले गहाण ठेवतो, भावकीकडे हात पसरतो, गुंठा-दोन गुंठे विकतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात आणि त्यासाठी बिलांच्या दोन टक्के निधी बाजूला काढावा, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. पण त्या खाटेपर्यंत पोहोचायला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि बहुधा एखाद्या नगरसेवकाचा फोन लागतो. म्हणजे विमा न घेतल्याचा दंड इथला माणूस आधीच भरतो आहे. त्याच्यावर आणखी एक दंड बसवण्याला अमेरिकेतले समर्थन इथे लागू पडत नाही. इथे सक्तीचे समर्थन करायचे तर वर्गणीच्या बदल्यात त्याला आज न मिळणारे काय मिळणार, हे आधी सांगावे लागते.

ज्यांनी ही सक्ती सर्वांत आधी केली त्यांना हे नेमके ठाऊक होते. बिस्मार्कच्या जर्मनीने १५ जून १८८३ रोजी कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला, तेव्हा वर्गणीच्या बदल्यात डॉक्टर, औषध आणि आजारपणातला निम्मा पगार अशी ठोस हमी दिली. ब्रिटनने १९११ मध्ये तोच धडा गिरवला आणि ५ जुलै १९४८ रोजी वर्गणीच्या हिशेबाची कटकटच टाकून देऊन करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला विमा घ्यावा लागतो, पण त्याच कायद्याने मूलभूत विमा नाकारण्याचा अधिकार कंपनीकडून काढून घेतला. एकावर सक्ती केली की दुसऱ्यावरही करावी लागते, हे तिन्ही ठिकाणी दिसते.

भारतातल्या सक्तीच्या विम्याचा जन्म मुंबईच्या गिरणगावाच्या प्रश्नांतून झाला म्हटले तरी चालेल. कापडगिरण्यांतल्या मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीने १९४० साली आजारपणाच्या विम्याची शिफारस केली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले आणि त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजनेची सुरुवात झाली, १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली.

कामगारांच्या बोलण्यात जिला नुसते ‘ईएसआय’ म्हणतात ती ही योजना. महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. २०१९ च्या जुलैपूर्वी हे दर पावणेदोन आणि पावणेपाच टक्के होते. बदल्यात कुटुंबाला बाह्यरुग्ण सेवेपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आणि कामावर अपघात झाल्यास निवृत्तिवेतन. खर्चाला रकमेची कमाल मर्यादा नाही, आधीचा आजार म्हणून नकार नाही. बाजारातली कोणतीही पॉलिसी पाऊण टक्क्यात एवढे देत नाही. तरीही चिंचवडच्या मोहननगरातल्या किंवा पुण्यातल्या बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयाचे नाव काढले की कामगार नाक मुरडतो. वर्गणी केंद्रीय महामंडळ गोळा करते, राज्यातले बरेच दवाखाने राज्य सरकार चालवते. पैसा एकाकडे शिल्लक पडतो आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा दुसऱ्याकडे. फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कामगाराला ईएसआय किंवा मान्यताप्राप्त आरोग्यविमा यांतून निवड करू द्यावी असे सुचवले. कामगार संघटनांनी विरोध केला आणि ते सुचवणेच राहिले. विरोध योग्य होता. निवड दिली असती तर पंचविशीतले निरोगी कामगार स्वस्त पॉलिसी घेऊन निघून गेले असते आणि वरच्या हिशेबातली तीनशे कुटुंबे तेवढी मागे उरली असती. मात्र सेवा सुधारण्याच्या मागणीसाठी याच संघटनांनी तितकाच जोर कधी लावला, असे म्हणता येत नाही.

आता खडकवासला. धरण १८७९ चे. त्याच्या कुशीत १९१६ साली स्थापन झालेली आणि १९२५ पासून इथे असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९५५ पासूनची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे. या कुंपणांच्या आत सक्तीचा आरोग्यविमा वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेची, वर्गणी दरमहा कापली जाते: सर्वांत खालच्या वेतनस्तरांना अडीचशे रुपये, सर्वांत वरच्यांना हजार. घरातल्यांची प्रकृती कशी आहे हे कोणी विचारत नाही. लष्करातल्यांना उपचार सेवेचाच भाग म्हणून मिळतात, आणि निवृत्त सैनिकासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी योजना आहे; निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच रक्कम भरली की पतिपत्नीला जन्मभर उपचार. प्रबोधिनीच्या फाटकाशी उभे राहून कोणी सक्तीविरुद्ध घोषणा दिल्याचे ऐकिवात नाही. इथे तक्रारी होतात त्या औषध वेळेवर न मिळाल्याच्या आणि रुग्णालयांची बिले थकल्याच्या.

कुंपणाबाहेर धरणाकाठच्या चौपाटीवर मक्याची कणसे भाजणारी, भजी तळणारी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत प्रवासी नेणारी, धायरी-नऱ्ह्याच्या छोट्या कारखान्यांत आणि गोदामांत राबणारी माणसे आहेत. त्यांना पगारपत्रक नाही, म्हणून कापायला वर्गणीही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशात ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात १९ टक्के लोकांनाच कोणता तरी आरोग्यविमा असल्याचे आढळले. नीती आयोगाने २०२१ मध्ये ज्यांना ना सरकारी योजना ना खासगी विमा अशा ‘हरवलेल्या मधल्या’ वर्गाची संख्या चाळीस कोटी मांडली. गरिबांच्या यादीत बसण्याइतके गरीब नाहीत आणि हप्ता परवडण्याइतके सुस्थितीतले नाहीत, असे हे लोक. खडकवासल्यात अशी घरे मोजायला फार हिंडावे लागत नाही.

या घरांसाठी महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली; पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार मोफत. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली, पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व रहिवाशांना ती खुली झाली आणि पुढच्या वर्षी अंमल सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला केंद्राचे पाच लाखांचे वेगळे संरक्षण आले. या सगळ्यात लाभार्थी एक रुपयाही भरत नाही; हप्ता सरकार भरते, म्हणजे करदाता भरतो. कणीसवाला तेलावर, साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर जो कर देतो त्यातून त्याची वर्गणी आधीच वसूल झालेली असते. सक्ती झालीच आहे, फक्त पावती मिळालेली नाही. मग महाराष्ट्रापुरता हा वाद मिटला काय?

त्याचे उत्तर जानेवारी २०२५ मध्ये मिळाले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे थोडक्यात जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. जुलाब-उलट्यांनंतर काही दिवसांनी पायांतली ताकद जाते, मग हातांतली, काहींना श्वासही घेता येत नाही. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर आला. हा आजार आणि आरोग्यविमा यांचा संबंध असा की त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिन या औषधाची मात्रा वजनावर ठरते: साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत सुमारे १२० ग्रॅम. एवढ्या औषधाचाच खर्च लाखांत जातो, आयसीयू आणि व्हेंटिलेटर वेगळे.

कागदावर खडकवासल्यातले प्रत्येक कुटुंब तेव्हा पाच लाखांच्या छत्राखाली होते. प्रत्यक्षात त्या छत्राच्या काड्या मोजाव्या लागल्या. योजनेत आजारासाठी ठरवलेले पॅकेज ऐंशी हजारांचे होते. साथ आल्यावर ते दुप्पट करावे लागले. योजना सर्वांसाठी खुली असली तरी तिच्यात सामील होण्याचे बंधन सर्व रुग्णालयांवर नव्हते, आणि शहरातली अनेक मोठी खासगी रुग्णालये बाहेरच होती. रुग्ण तर मिळेल त्या व्हेंटिलेटरकडे धावतो; यादी पाहून श्वास घेता येत नाही. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखल्या, शहरी गरीब योजनेतून मदत जाहीर केली. ही मदत गरजेची होती, पण एक विमा अस्तित्वात असताना दुसरी मदत का जाहीर करावी लागते, यातच सगळे आले. रुग्णाला सर्व बाजूंनी विमा होता आणि रुग्णालयावर त्याचे बंधन जवळजवळ काहीच नव्हते.

पाण्याची गोष्ट तर विम्याच्या परिघातच बसत नाही. खडकवासला आणि भोवतालची गावे जून २०२१ मध्ये महापालिकेत आली. शहराला पाणी जाते ते याच धरणातून, पर्वती-वडगावच्या शुद्धीकरण केंद्रांतून गाळून. धरणाच्या पायाशी असलेल्या काही वस्त्यांना मात्र विहिरीतले पाणी नुसते क्लोरिन टाकून मिळत होते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे थोडी बदलावी लागते. घशाला कोरड नव्हती, घशाखाली जाणारे पाणी गाळलेले नव्हते. विमा आयसीयूचे बिल भरतो, गाळणीचे भरत नाही. लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा मोठा वाटाही औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांवरच जातो, आणि तो बहुतेक सरकारी व खासगी विम्यांत बसत नाही कारण त्यासाठी चोवीस तास दाखल व्हावे लागत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातला खिशातला वाटा २०१३-१४ मधल्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. उरलेले एकोणचाळीस मात्र बव्हंशी मेडिकलच्या दुकानात आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आहेत.

तेव्हा चौपाटीवरच्या गाडीवाल्याला दरवर्षी हप्ता भरायला लावावा या सूचनेत अर्थ किती? वसुली कोण करणार, हा पहिला प्रश्न. वाहनांचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, रस्तोरस्ती पोलीस आहेत, तरी देशातली निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात. माणसाच्या अंगावर तर नंबरप्लेटही नसते. जपानने १९६१ मध्ये ही वसुली नगरपालिकांमार्फत जमवली. पण इथल्या समाविष्ट गावांत मिळकतकरावरून झालेला तंटा ताजा आहे. आधी पाणी, ड्रेनेज आणि रस्ते द्या मग कर मागा, हे गावकऱ्यांचे म्हणणे जीबीएसच्या साथीनंतर खोटे ठरवता येत नाही. थायलंडने वसुलीचा विचारच सोडला आणि २००२ मध्ये असंघटितांचा सगळा भार करांवर टाकला. रुग्णाने दर भेटीला तीस बाट द्यायचे, बस. भारतात २०२० च्या टाळेबंदीनंतर उद्योग पुन्हा सुरू करताना केंद्रीय गृहखात्याने कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक केला होता. आदेश १५ एप्रिलचा. त्याची तपासणी कोणी केली, हे विचारायचे कारण नाही, कारण ती करणारी यंत्रणाच नव्हती.

असंघटितांकडून वर्गणी घेणे अशक्यच आहे असेही नाही, आणि याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझे वाहणाऱ्या कामगाराचा कायम मालक नसतो ही अडचण अशी सोडवली की जो माल उतरवून घेतो त्याने मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस आणि औषधपाणी. पुण्यात हमाल पंचायतीने आणि डॉ. बाबा आढाव यांनी हा कायदा लढून अमलात आणला. कचरा वेचणाऱ्या महिलांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने २००३ च्या सुमारास महापालिकेला पटवले की या बाया शहराचा कचरा उचलण्याचा खर्च वाचवतात, तर त्यांच्या विम्याचा हप्ता शहराने भरावा. महापालिकेने तो भरला. रक्कम लहान होती, संरक्षण पाच हजारांचे, पण तत्त्व मोठे. दोन्ही उदाहरणांत सक्ती कामगारावर नाही, कामाचा लाभ घेणाऱ्यावर आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ॲपवर काम देणाऱ्या कंपन्यांना उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान लावून हीच वाट धरली आहे.

रुग्णालयांवर सक्ती करता येते, हेही राज्याने एकदा दाखवले. करोनाच्या साथीत, २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर शासनाने बांधून दिले: साध्या विलगीकरणाला दिवसाला चार हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. आधार घेतलेल्या कायद्यांत १८९७ चा साथरोग कायदाही होता. ज्या कायद्याने प्लेगात रुग्णाच्या घराचे दार फोडले, त्याच कायद्याने सव्वाशे वर्षांनी रुग्णालयाच्या दरपत्रकाला हात घातला. करोना ओसरल्यावर ते दर गेले. त्यानंतर रुग्णहक्कांची सनद आणि काही सेवांचे दर दर्शनी भागात लावण्याचा नियम राहिला, पण लावलेला दर किती असावा यावर बंधन नाही. आणीबाणीत येणाऱ्या रुग्णाला योजनेच्या दराने दाखल करून घेणे प्रत्येक परवानाधारक रुग्णालयाला सक्तीचे केले आणि तो दर परवडेल असा ठेवून बिल महिन्याच्या आत चुकते केले, तर विम्याच्या सक्तीबद्दलचा निम्मा वाद आपोआप संपेल. रुग्णालये त्याला विरोध करतील. ज्या सरकारला हा विरोध पेलत नाही त्याने हप्त्याची सक्ती सामान्य माणसावर करण्याची भाषा करू नये.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. धोकादायक कामे वगळता दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा तिच्यात ऐच्छिक आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर दहा माणसे कामाला असलेली एकही गाडी नाही.